स्नायूंच्या वाढीला लगाम घालणारे जनुक

प्राणिमात्रांच्या प्रत्येक हालचालीमागे स्नायूंचे बळ असते. नांगर ओढणारा बैल, पाठीवर ओझे वाहणारा हमाल, रांगू लागलेले मूल आणि झोपेतही अखंड चालणारा श्वास या साऱ्यांचा भार स्नायूंवरच असतो. हे स्नायू जन्मापूर्वी आकार घेऊ लागतात, बालपणी वाढतात आणि एका ठराविक मर्यादेला येऊन थांबतात. बैलाच्या मांडीचा स्नायू बैलाला शोभेल एवढाच होतो, उंदराच्या मांडीचा उंदराला शोभेल एवढाच. उजवा आणि डावा दंड जवळजवळ सारखेच भरतात. ही वाढ नेमकी कोठे थांबवावयाची हे शरीराला कोण सांगते, हा प्रश्न जीवशास्त्रज्ञांपुढे दीर्घकाळ उभा होता. १९९७ साली त्याच्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग हाती आला आणि तो मिळाला प्रयोगशाळेतील उंदरांकडून.

या उत्तराचे महत्त्व केवळ शास्त्रीय कुतूहलापुरते नाही. ज्यांचे स्नायू वयाच्या पहिल्या दशकातच झिजू लागतात अशी मुले, दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळलेले रुग्ण आणि वार्धक्यामुळे उठणे-बसणेही कठीण झालेली माणसे यांच्या दृष्टीने हा प्रश्न रोजच्या जगण्याचा आहे. स्नायूंची वाढ थांबविणारी यंत्रणा शरीरात असेल, तर ती काही प्रमाणात सैल करून झिजलेले स्नायू पुन्हा भरून काढता येतील काय, हा विचार तेथूनच पुढे आला.

जनुक आणि उत्परिवर्तन

प्रत्येक सजीवाच्या पेशीत डी.एन.ए. या रसायनाचे लांबच लांब धागे असतात. चार रासायनिक घटकांच्या विशिष्ट क्रमाने त्यांवर शरीर घडविण्याच्या सूचना नोंदलेल्या असतात. हे चार घटक म्हणजे जणू या लिपीची चार अक्षरे होत. ज्या तुकड्यात सामान्यतः एका प्रथिनाच्या घडणीची सूचना असते, त्याला जनुक म्हणतात. बहुतेक जनुकांच्या दोन प्रती प्रत्येक पेशीत असतात. एक मातेकडून आलेली आणि दुसरी पित्याकडून आलेली.

हस्तलिखित पोथीची नक्कल करताना एखादे अक्षर बदलावे किंवा गळावे, तसाच प्रकार डी.एन.ए.ची नक्कल होताना क्वचित घडतो. या बदलालाच उत्परिवर्तन म्हणतात. त्याचा परिणाम किती होईल हे बदल कोठे आणि कसा झाला यावर अवलंबून असते. जनुकातील अक्षरे तीन-तीनच्या गटाने वाचली जातात. तीन, सहा किंवा बारा अक्षरे गळाली, तर प्रथिनातील काही दुवे कमी होतात, परंतु पुढील वाचन बिघडत नाही. दोन किंवा अकरा अक्षरे गळाली, तर मात्र पुढचे सर्व गट सरकतात आणि तेथपासूनची सूचना निरर्थक होते. हा साधा हिशेब लक्षात ठेवला म्हणजे पुढे येणारी अनेक उदाहरणे सहज उलगडतात.

उंदीरच कशासाठी?

आनुवंशिकतेच्या अभ्यासात उंदराला मोठे स्थान आहे. त्याची गर्भावस्था सुमारे तीन आठवड्यांची असते आणि जन्मल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांत तो प्रजननक्षम होतो. त्यामुळे अनेक पिढ्यांचा अभ्यास थोड्या वर्षांत करता येतो. पिढ्यान् पिढ्या जवळच्या नात्यात प्रजनन घडवून तयार केलेल्या शुद्ध वाणांतील उंदीर आनुवंशिकदृष्ट्या जवळजवळ एकसारखे असतात. म्हणून दोन गटांत फरक दिसला, तर त्याचे कारण शोधणे सुकर होते.

याशिवाय, उंदराच्या डी.एन.ए.मधील एखादे ठरावीक जनुक निकामी करण्याची पद्धत १९८० नंतरच्या दशकात विकसित झाली. या कार्याबद्दल मारिओ कॅपेकी, मार्टिन इव्हान्स आणि ऑलिव्हर स्मिथीज यांना २००७ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पद्धतीमागील युक्ती सरळ आहे. यंत्रातील एक भाग काढून ठेवावा आणि यंत्राचे कोणते काम बिघडते ते पाहावे, म्हणजे त्या भागाचे कार्य कळते.

बाल्टिमोर येथील प्रयोग

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. सी-जिन ली यांच्या प्रयोगशाळेत, पेशींच्या वाढीवर परिणाम करणाऱ्या प्रथिनांच्या एका मोठ्या कुळाचा अभ्यास चालू होता. या कुळातील एक नवे जनुक मुख्यतः सांगाड्याच्या स्नायूंत कार्यरत असल्याचे दिसून आले. त्याचे काम जाणून घेण्यासाठी ली, अलेक्झांड्रा मॅकफेरॉन आणि अॅन लॉलर यांनी त्या जनुकाचा कार्यकारी भाग काढून टाकलेले उंदीर तयार केले.

दोन्ही प्रती निकामी झालेले हे उंदीर मोठे झाले तेव्हा त्यांचे वेगळेपण नजरेत भरण्यासारखे होते. त्यांचे खांदे आणि पुठ्ठे असाधारण रुंद होते. सर्वसाधारण उंदरांपेक्षा त्यांचे वजन सुमारे ३० टक्क्यांनी अधिक भरले. स्नायू वेगवेगळे काढून तोलले असता प्रत्येक स्नायू नेहमीच्या दुपटीहून तिपटीपर्यंत जड आढळला. ही वाढ चरबीची नव्हती. सूक्ष्मदर्शकाखाली पाहता दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. स्नायूतील तंतूंची संख्या वाढली होती आणि तंतू जाडही झाले होते.

जनुक काढून टाकल्यावर स्नायू वाढतात, याचा अर्थ ते जनुक एरवी वाढ रोखून धरते. त्याच्यापासून बनणाऱ्या प्रथिनाला शास्त्रज्ञांनी 'मायोस्टॅटिन' हे नाव दिले. स्नायू थांबविणारा असाच त्याचा अर्थ होतो. हे संशोधन मे १९९७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

ज्या उंदरांत जनुकाची एकच प्रत निकामी होती, त्यांच्या स्नायूंची वाढ मधल्या प्रमाणात आढळली. म्हणजे हे नियंत्रण दिव्याच्या बटणासारखे केवळ चालू किंवा बंद नसून मायोस्टॅटिनच्या प्रमाणानुसार कमीअधिक होते.

लगामाची रचना

मायोस्टॅटिन हे मुख्यतः स्नायूच तयार करतात आणि तेच स्नायूंची वाढ रोखते. स्नायू जसजसा वाढतो तसतसा तो स्वतःच 'आता पुरे' असा संदेश सोडीत असतो, असे म्हणता येईल. पेशीतून बाहेर पडताना हे प्रथिन निष्क्रिय अवस्थेत असते. त्याच्याच एका तुकड्याचे आवरण त्याला बांधून ठेवते. हे आवरण दूर झाले की मायोस्टॅटिन स्नायुपेशीच्या पृष्ठभागावरील संदेशग्राहक रेणूला जाऊन चिकटते. तेथून निघालेला संदेश पेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचतो. परिणामी नवीन स्नायुपेशींची निर्मिती मंदावते आणि तंतूंमधील प्रथिनांची भरही कमी होते.

येथे वयाचा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. गर्भावस्थेपासूनच मायोस्टॅटिन नसेल, तर तंतूंची संख्या आणि जाडी दोन्ही वाढतात. प्रौढ उंदरांना मायोस्टॅटिनला बांधून ठेवणारी प्रतिपिंडे दिली असता मात्र तंतू केवळ जाड झाले. त्यांची संख्या वाढली नाही. औषधाचा विचार करताना हा फरक विसरून चालत नाही.

मानवी हस्तक्षेपाशिवाय झालेले उत्परिवर्तनही प्रयोगशाळेतील उंदरांत सापडले आहे. बर्लिन येथे भरदार शरीराच्या उंदरांची पिढ्यान् पिढ्या निवड करून 'कॉम्पॅक्ट' नावाचा वाण तयार करण्यात आला होता. या उंदरांच्या मायोस्टॅटिनच्या जनुकात बारा अक्षरे गळालेली असल्याचे १९९८ साली उघडकीस आले. बारा हा तीनच्या पटीतील आकडा असल्यामुळे पुढील वाचन बिघडले नव्हते. प्रथिनाचे केवळ चार दुवे कमी झाले होते, आणि तेही सक्रिय भागातील नसून त्याच्या आवरणाच्या भागातील. तरीही या उंदरांचे स्नायू विलक्षण भरलेले होते.

गोठ्यातील साक्षी

उंदरातील, गुरांतील आणि माणसातील मायोस्टॅटिनची जनुके परस्परांशी फार मिळतीजुळती आहेत. उंदीर, माणूस, डुक्कर आणि कोंबडी यांच्यात तर या प्रथिनाचा सक्रिय भाग तंतोतंत सारखा आहे. त्यामुळे उंदरावरील शोध प्रसिद्ध होताच संशोधकांची दृष्टी युरोपातील काही गुरांकडे वळली. बेल्जियममधील 'बेल्जियन ब्ल्यू' आणि इटलीतील 'पिएडमाँटीज' या जातींची गुरे त्यांच्या फुगीर मांड्या आणि पुठ्ठ्यांसाठी प्रसिद्ध आहेत. अशा दुहेरी स्नायूंच्या गुरांची नोंद एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून आढळते, परंतु त्याचे कारण अज्ञात होते. १९९७ सालीच स्वतंत्रपणे काम करणाऱ्या अनेक संशोधकांना ते मायोस्टॅटिनच्या जनुकात सापडले. बेल्जियन ब्ल्यू जातीत अकरा अक्षरे गळालेली होती. पिएडमाँटीज जातीत केवळ एक अक्षर बदलून प्रथिनातील एक मोक्याचा दुवा बिघडला होता.

शेतकऱ्याच्या दृष्टीने या गुरांचा दुसरा पैलूही ध्यानात घेण्यासारखा आहे. बेल्जियन ब्ल्यू जातीची वासरे गर्भातच एवढी भरतात की, बहुसंख्य गायींची प्रसूती शस्त्रक्रियेने करावी लागते. मांस अधिक मिळते, परंतु त्याची किंमत गायीला मोजावी लागते.

शर्यतीच्या 'व्हिपेट' जातीच्या कुत्र्यांचे उदाहरणही बोलके आहे. त्यांच्यातील काहींच्या या जनुकात दोन अक्षरे गळालेली असल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. ज्या कुत्र्यांत एकच प्रत सदोष होती, ती शर्यतीत अधिक वेगवान आढळली. दोन्ही प्रती सदोष असलेली कुत्री मात्र बेढब जाड स्नायूंची निघाली.

आज जनुकातील नेमकी अक्षरे बदलण्याचे तंत्र उपलब्ध झाले आहे. काश्मीरमधील शेर-ए-काश्मीर कृषिविज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातील संशोधकांनी २०२५ साली मायोस्टॅटिनचे जनुक संपादित केलेले मेंढीचे कोकरू जन्मल्याचे जाहीर केले. भारतातील जनुक-संपादित मेंढीचे हे पहिले उदाहरण म्हणून त्याची नोंद झाली. अशा प्राण्यांचे आरोग्य, त्यांची प्रसूती आणि पुढील पिढ्या यांचे परीक्षण किती काटेकोरपणे व्हावयास हवे, हे बेल्जियममधील गायींच्या अनुभवावरून समजून येते.

माणसातील एक उदाहरण

हेच जनुक माणसातही लगामाचे काम करते काय, याचे उत्तर जर्मनीतील एका बालकाने दिले. जन्मतःच त्याच्या मांड्या आणि दंड पिळदार दिसत होते. तपासणीत त्याच्या मायोस्टॅटिनच्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष आढळल्या. साडेचार वर्षांच्या वयात ते मूल दोन्ही हात ताणून प्रत्येक हातात तीन किलोग्रॅमचे वजन आडवे धरू शकत होते. त्याच्या मातेत एक प्रत सदोष होती आणि ती पूर्वी व्यावसायिक धावपटू होती. ही माहिती २००४ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. उंदराच्या पिंजऱ्यात सापडलेला नियम माणसालाही लागू आहे, हे त्यावरून सिद्ध झाले.

आकार आणि बळ

येथपर्यंतच्या हकिगतीवरून हा लगाम काढून टाकणे सर्वथा हितकारकच आहे, असा समज होण्याचा संभव आहे. पुढील संशोधनाने त्याला मर्यादा घातल्या. मायोस्टॅटिन नसलेल्या उंदरांच्या स्नायूंचे बळ मोजले असता, आकाराच्या प्रमाणात ते वाढले नसल्याचे २००७ साली आढळून आले. स्नायूच्या प्रत्येक ग्रॅममागे मिळणारे बळ उलट कमी झाले होते. पेशींना ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिकांची संख्या या स्नायूंत घटली होती आणि असे स्नायू लवकर थकत. २००८ साली याच प्रकारच्या उंदरांवरील अभ्यासात त्यांचे कंडरे, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे बंध, लहान, ताठ आणि ठिसूळ असल्याचे दिसून आले. खांब जाड केला, परंतु त्याचे सांधे कमकुवत राहिले, अशी ही स्थिती होय. निसर्गाने हा लगाम निष्कारण ठेवलेला नाही, असा याचा अर्थ होतो.

रुग्णांच्या आशेची कसोटी

'ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी' हा आनुवंशिक स्नायुक्षय मुख्यतः मुलग्यांना होतो. जन्मतः निरोगी दिसणारे मूल तीन ते पाच वर्षांचे होईपर्यंत वारंवार पडू लागते. त्याला जिना चढता येत नाही आणि जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकावे लागतात. पुढे सुमारे बाराव्या वर्षापर्यंत अनेकांचे चालणे बंद होते. स्नायुतंतूंचे रक्षण करणारे 'डिस्ट्रोफिन' नावाचे प्रथिन या मुलांत तयार होत नाही. याच प्रथिनाचा अभाव असलेला एक उंदीर-वाण १९८४ साली ज्ञात झाला आणि या रोगाच्या अभ्यासाचा तो मुख्य आधार बनला.

२००२ साली या आजारी उंदरांतील मायोस्टॅटिनला अटकाव करण्यात आला. त्यांचे स्नायू वाढले, बळ सुधारले आणि स्नायूंची झीजही कमी झाली. मूळ दोष तसाच राहूनही प्रकृती सुधारते हे पाहून मोठी आशा निर्माण झाली. परंतु माणसांवरील चाचण्यांत ती फळाला आली नाही. प्रौढ रुग्णांवरील एका चाचणीचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. औषध सुरक्षित आढळले, पण बळात सुधारणा दिसली नाही. ड्यूशेन रोगाच्या मुलांवरील आणखी एका औषधाची चाचणी अपेक्षित परिणाम न दिसल्यामुळे २०१८ साली थांबविण्यात आली.

उंदरात साधलेली गोष्ट माणसात का साधली नाही, याची काही कारणे आता समजू लागली आहेत. स्नायुक्षयाच्या रुग्णांच्या रक्तात मायोस्टॅटिनचे प्रमाण मुळातच कमी असते. म्हणजे जो लगाम आधीच सैल आहे, तो आणखी सैल करून फारसा लाभ होत नाही. शिवाय माणूस आणि वानरकुळातील प्राण्यांत स्नायूंची वाढ रोखण्याच्या कामी 'अॅक्टिव्हिन' हे दुसरे प्रथिनही मोठा वाटा उचलते. उंदरात त्याचे महत्त्व कमी आहे.

तथापि हा मार्ग बंद झालेला नाही. मज्जारज्जूतील चेतापेशी नष्ट झाल्यामुळे स्नायू दुर्बळ होणारा 'स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी' हा आणखी एक आनुवंशिक रोग आहे. चेतापेशींना वाचविणाऱ्या औषधाच्या जोडीला, मायोस्टॅटिनला त्याच्या निष्क्रिय अवस्थेतच धरून ठेवणारे एक प्रतिपिंड या रुग्णांना देण्यात आले. हालचालींच्या कसोटीत त्यांच्यात सुधारणा झाल्याचे २०२४ साली जाहीर झाले. मूळ रोगावर इलाज चालू असताना स्नायूंना बळ पुरविणे, हा मायोस्टॅटिन-संशोधनाचा अधिक वास्तव उपयोग ठरण्याचा संभव आहे.

अवकाशातील उंदीर

वजनरहित अवस्थेत स्नायूंना काम उरत नाही आणि ते झपाट्याने झिजतात. हीच अवस्था अंथरुणाला खिळलेल्या माणसाचीही असते. या झिजेचा अभ्यास करण्यासाठी डिसेंबर २०१९ मध्ये ४० उंदीर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर पाठविण्यात आले. या प्रयोगातही डॉ. ली यांचा प्रमुख सहभाग होता. सुमारे ३३ दिवसांच्या मुक्कामात सर्वसाधारण उंदरांच्या काही स्नायूंचे वजन लक्षणीय घटले. ज्यांच्यात मायोस्टॅटिनचे जनुक नव्हते, त्या उंदरांचे स्नायू मात्र बव्हंशी टिकून राहिले. मायोस्टॅटिन आणि अॅक्टिव्हिन या दोहोंना रोखणारे औषध दिलेल्या साध्या उंदरांतही झीज टळली.

सावधगिरीची आवश्यकता

अशा शोधांची वार्ता पसरली की, झटपट बळ देण्याचे आमिष दाखविणारी चूर्णे आणि गोळ्या बाजारात येण्यास वेळ लागत नाही. मायोस्टॅटिन रोखण्याचा दावा करणाऱ्या अशा वस्तूंपासून तरुणांनी आणि विशेषतः व्यायामपटूंनी दूर राहणे हिताचे आहे. मायोस्टॅटिनच्या कार्यात बदल घडविणाऱ्या द्रव्यांवर जागतिक उत्तेजक-विरोधी संस्थेने २००८ पासून बंदी घातली आहे. निरोगी माणसाचे स्नायू बळकट करण्यासाठी नियमित व्यायाम आणि पुरेसा प्रथिनयुक्त आहार हाच खात्रीचा मार्ग होय. मूल वारंवार पडत असेल किंवा उठताना हातांचा आधार घेत असेल, तर पालकांनी त्याला अशक्तपणा समजून टॉनिकवर वेळ दवडू नये. त्वरित वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. स्नायुक्षयाचे निदान लवकर झाल्यास योग्य औषधोपचार आणि भौतिकोपचार वेळेवर सुरू करता येतात, तसेच कुटुंबाला आनुवंशिक सल्लाही घेता येतो.

एका उंदराच्या जनुकातील दोषाने स्नायूंच्या वाढीचे एक मोठे रहस्य उलगडले. वाढ ही जशी शरीराची शक्ती आहे, तशीच वाढ थांबविणे हीसुद्धा एक शक्ती आहे, हे त्यातून कळले. हा लगाम कोणाच्या बाबतीत, केव्हा आणि किती सैल करावा, हे ठरविण्याचे काम अद्याप चालू आहे. त्याच्या उत्तराची वाट पाहणाऱ्या मुलांना भरघोस दिसणाऱ्या स्नायूंची नव्हे, तर स्वतःच्या पायांवर उभे राहण्याएवढ्या बळाची गरज आहे.